मुक्तिनाथ झा यांच्या निधनाविषयी

कोजागरा, आश्विन पौर्णिमा
बेलटोल, जिल्हा मधुबनी

चिरंजीव निशिकांत,

तुझ्यावर एक गंभीर आरोप ठेवण्यासाठी लेखणी उचलली आहे. आरोपी माझा मेहुणा असल्यामुळे शिक्षेत सूट मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कोजागऱ्यानिमित्त तू पाठवलेला डबा पोचला. डब्यात मखाणे होते आणि मखाण्यांना पुदिना लावलेला होता. ज्या जिल्ह्यात तळ्यातळ्यांत मल्लाह गळ्यापर्यंत बुडून मखाणे काढतात, जिथे आजच्या दिवशी मखाणे आणि पान दिल्याशिवाय कोणी कोणाला दारातून हलू देत नाही, तिथे तू दिल्लीहून मखाणे धाडलेस, तेही हिरवे. एक तोंडात टाकला आणि दात घासल्यासारखं वाटलं. उरलेले गाईपुढे ठेवले. तिने हुंगले आणि मान फिरवली. अशा बाबतीत मी गाईचं मत अंतिम मानतो.

आता किरकोळ गोष्टीकडे वळतो.

डब्यासोबत तू एक पौती पाठवलीस. सिकीच्या सोनेरी गवताची, झाकणाची, काठाला निळी वेल. ती ज्या हातांनी विणली ते हात पार्सल उघडलं तेव्हा माझ्याच ओसरीवर मासळी साफ करत होते. बेलटोलची टोपली दिल्लीला नांदायला गेली आणि माहेरपणाला परत आली म्हणायची. येताना गळ्यात एक दागिना घालून आली. जाड कागदाचा तुकडा, सुतळीने बांधलेला. त्यावर तुझ्या बहिणीचा, म्हणजे माझ्या बायकोचा फोटो, आणि खाली इंग्रजी मजकूर. माझं इंग्रजी बैलगाडीच्या चालीने जातं, पण पोचतं. मजकूर असा की, कुमुद देवी विधवा आहेत, पती गेल्यावर या गवताच्या काडीनेच त्यांनी घर सावरलं, आणि तुम्ही ही वस्तू घरात आणता तेव्हा एका निराधार स्त्रीच्या आयुष्यात उजेड आणता.

मी परत वाचलं. मग आपल्या मिथिलेच्या रीतीने प्रमाणं तपासली. प्रत्यक्षाने पाहता मी जिवंत आहे: समोर ताट होतं, ताटात रोहू होता आणि त्याचा काटा माझ्या घशात होता. अनुमानानेही जिवंत: जिथे ठसका आहे तिथे ठसकणारा असलाच पाहिजे. पण शब्दप्रमाणाने मी वारलो आहे, आणि शब्द प्रत्यक्ष मेहुण्याचा. मोठा पेच आहे.

तेव्हा काही गोष्टी कळव. मी कशाने गेलो? श्राद्धाला दही घट्ट होतं ना? दही पातळ असेल तर इथले लोक मला वर जाऊनही टोमणे मारतील. तुझ्या संस्थेला 'तृणहेम' हे नाव मी दिलं होतं. तिचं बारसं मी जेवलो, माझं तेरावं तिने उरकलं. फिट्टंफाट झाली.

बहुधा छापताना दुसऱ्या कुणा बाईच्या ओळी कुमुदच्या फोटोखाली लागल्या असतील. त्या बदल, म्हणजे विषय संपला. मी तिला कागद दाखवलेला नाही, पानाच्या डब्यात काताखाली लपवला आहे. दरवर्षी भरदुतियेला, भाऊबिजेच्या दिवशी, ती तुझे हात ओंजळीत धरून तुझ्यासाठी आयुष्य मागते. त्याच हातांनी तू तिच्या भांगातला सिंदूर पुसलास, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?

तुझा (अद्याप)
मुक्तिनाथ

*

कार्तिक कृष्ण पंचमी, कोजागऱ्यानंतर पाचवा दिवस
बेलटोल

निशिकांत,

काल तुझा फोन आला. फोनवर मला उत्तर सुचत नाही, अपमानाचा घोट गिळून झाल्यावर सुचतं. म्हणून आपलं बोलणं इथे पुन्हा मांडतो. मी काही चुकीचं ऐकलं असेल तर मला आनंदच होईल.

बहिणीच्या नवऱ्याला हाक मारायच्या आपल्या रीतीने तू म्हणालास, "ओझाजी, पत्र वाचून पोट धरून हसलो."

मी म्हणालो, "घरात सुतक असताना?"

"अहो, छपाईची चूक नाही ती. ठरवून केलंय. टोपल्या सगळीकडे मिळतात. गिऱ्हाईक टोपली घेत नाही, टोपलीमागचा माणूस घेतं."

"मग माणूस जिवंत असून चालत नाही?"

"बाई जिवंत लागते," तू म्हणालास. "नवरा धडधाकट असला की लोकांना वाटतं, मग हिची टोपली इतकी महाग का?"

निशिकांत, न्यायसूत्रं रचणाऱ्या गौतमापासून आजतागायत न्यायाच्या या भूमीत इतका निर्लज्ज हेतू कोणी दिला नसेल. तुझ्या दुकानाच्या पाटीवर 'न्याय्य व्यापार' असं लिहिलं आहे. विणणारीला योग्य मोबदला, जंगलाला धक्का नाही, पोरांना कामाला जुंपणं नाही. ही सगळी कलमं तू मला अभिमानाने वाचून दाखवली होतीस आणि मी मान डोलावली होती. नवऱ्याला धक्का लावू नये असं कलम त्यात नव्हतं. माझंच दुर्लक्ष झालं.

पण खरा घाव पुढे होता. तू म्हणालास, "जर्मनीहून खरेदीदार येताहेत. त्रयोदशीला बेलटोलला आणतोय त्यांना. त्यांना कुमुददीदीला भेटायचंय, तिच्या अंगणात बसायचंय. तेव्हा तुम्ही दोन दिवस जरा दरभंग्याला जाऊन या."

"आणि न गेलो तर?"

"तर मी त्यांना काय सांगू, ओझाजी? तुम्ही कोण म्हणून?"



फोन ठेवला आणि पानाच्या डब्यातून तो कागद काढून कुमुदपुढे ठेवला. म्हटलं, आता घरात आग लागेल, आणि एकदा तरी मी तुझ्या बाजूने बोलून तुला वाचवीन. ती गवत विणत होती. टकुआ, म्हणजे ती जाड सुई, तिने दातांत धरली, कागद उजेडाकडे नेला आणि म्हणाली, "फोटो बरा आलाय. पण ही साडी मला नको होती."

"खाली काय लिहिलंय ते वाचलंस?"

"बौआने वाचून दाखवलं होतं. चैतात." तुला ती अजून बौआच म्हणते.

म्हणजे माझ्या मृत्यूची वार्ता माझ्या घरात चैत्रापासून होती, आणि मला ती आश्विनात, पुदिन्याच्या वासासकट मिळाली.

"आणि तू हो म्हणालीस?"

"नाही म्हणाले नाही."

"एकच ते."

"तुमच्या पाठशाळेत असेल," ती म्हणाली आणि टकुआ पुन्हा गवतात खुपसली. थोड्या वेळाने विचारलं, "संध्याकाळी मासे आणणार आहात का? बाजार लवकर उठतो."

मेहुण्याने दगा द्यावा यात नवल नाही. मेहुणा या नात्याची थट्टा करता यावी म्हणूनच ते नातं देवाने केलं आहे. पण मासे आणायला मी गेलो, आणि बाजारात उभ्या उभ्या मला आठवेना की कुठले मासे आणायचे होते.

मुक्तिनाथ

*

कार्तिक कृष्ण दशमी
बेलटोल

निशिकांत,

तू पुन्हा फोन उचलत नाहीस. म्हणून इथल्या तयारीचा वृत्तांत लिहून कळवतो. मृताला उत्सुकता नसावी, पण माझी अजून गेलेली नाही.

अंगण सारवून झालं. बायका रोज दुपारी इथे जमतात. दिव्यांवरचे टोप, फळांच्या परड्या, कानातले डूल. काम नेहमीचंच, पण हात घाईचे. माझी चौकी गोठ्याच्या बाजूला नेली आहे. जुलेखा खातून, जिच्या विणणाऱ्या बोटांचा फोटो तू मागे पत्रकावर छापला होतास ती, मला चौकीवर बसलेला पाहून दारातच थबकली.

"पंडितजी, तुम्ही अजून इथेच?"

"कुठे जाऊ?"

"नाही, म्हणजे ऐकलं होतं तुम्ही फार चांगले होता."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. कुमुदने पदराने तोंड पुसलं, तेव्हा तीही हसत असावी. मी म्हटलं, "जुलेखा, तुझ्या घरच्याला का नाही मारलं निशिकांतने? तो तर माझ्यापेक्षा निरुपयोगी आहे."

"तो फोटोत फार ऐटीत दिसतो हो. मेलेला वाटतच नाही."

मग हसू ओसरलं आणि ती कुमुदकडे पाहत हळू म्हणाली, "थट्टा सोडा, काकी. हे लोक आले नाहीत तर मला मधुबनीच्या त्या ठेकेदाराकडे परत जावं लागेल. मोजताना तो माल हातात घेत नाही, पायाने सरकवतो."

मी मनाशी ठरवलं होतं की त्रयोदशीला दारातच बसायचं. धोतर, जानवं, कपाळाला चंदन, आणि तुझे पाहुणे आले की नमस्कार करून म्हणायचं, या, मीच तो कैलासवासी. भाषण तयार होतं. कुमुदला ऐकवलंही.

"बसा," ती म्हणाली. "आणि जुलेखाला, बाकीच्यांना तुम्हीच सांगा, की यंदा कापलेलं गवत गाईला घाला."

"मी मेलोय हे तू त्यांना सांगणार?"

"मी काही सांगणार नाही. बौआ बोलेल. मी मान हलवीन."

"आणि सिंदूर?"

ती गवताची काडी चिरत होती. चिरून झाली तेव्हा म्हणाली, "पदर पुढे ओढीन. पदराखाली काय आहे ते पाहण्याचा हक्क त्यांना कोणी दिलाय?"

"हातातली लहठी? सवाष्णीच्या बांगड्या आहेत त्या."

"गवत चिरताना काढतेच की. लाख टोचते."

संध्याकाळी गोठ्यातून आलो तर खाटेवर माझी पिशवी भरलेली होती. दोन धोतरं, पानाचा डबा, रक्तदाबाच्या गोळ्या, वर घडी केलेली लोकरीची चादर. मी जातो असं अजून म्हटलेलं नव्हतं, निशिकांत. ती घडी मी पाहत राहिलो. इतकी नीट घडी तिने माझ्यासाठी खूप दिवसांत घातलेली नव्हती.

अजूनही वेळ आहे. एक फोन कर आणि सांग की ओझाजी असू द्या घरात. मी दूरचा दीर म्हणून बसेन, गुमास्ता म्हणून बसेन. पाहुण्यांना चहा मी नेऊन देतो. फक्त मला घराबाहेर काढू नकोस.

मुक्तिनाथ

*

कार्तिक कृष्ण त्रयोदशी
दरभंगा

निशिकांत,

फोन आला नाही. आलो.

निघताना तिने तळहातावर दही दिलं, जसं परगावी नोकरीला जाणाऱ्याला देतात. मी चाटून घेतलं. तिने दारातून बस दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं की नाही हे मला माहीत नाही. मी वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर अर्ध्या वाटेवरून परतलो असतो आणि तुझा व्यापार बुडाला असता.

इथे माझा जुना सहाध्यायी दुखमोचन ठाकुर याच्याकडे उतरलो आहे. त्याने दार उघडलं, सगळी हकीकत उभ्या उभ्या ऐकली आणि आत ओरडला, "अगं, पितर आलेत, पान वाढ!" मग मला म्हणाला, "कावळ्याच्या रूपाने यायचं होतंस. बसचा खर्च वाचला असता."

जेवायला कवई मासे होते, राईच्या वाटणातले. तो म्हणाला, "मृताला मासे वाढावेत का, यावर शास्त्र काय म्हणतं?"

"मासे कोणी शिजवलेत त्यावर आहे," मी म्हणालो. वहिनी खूश झाल्या आणि त्यांनी आणखी दोन वाढले. दुखमोचनची बायको आतून त्याला ओरडते, तो बाहेरून तिला उलट ओरडतो, आणि मग दोघंही एकाच गोष्टीवर हसतात. मी ते बराच वेळ ऐकत होतो.

आता दुपार आहे. तू पाहुण्यांना माझ्या ओसरीवर बसवत असशील. भिंतीवरची माझ्या पाठशाळेतली तसबीर काढलीस का? की ठेवलीस आणि हार घातलास? हार घालताना फूल ताजं होतं का?

दुखमोचन म्हणतो, झोप. पण मेलेल्या माणसाला दुपारी झोप येत नाही, हे आज कळलं. लोकांना अजून हे कुणी सांगितलेलं नाही.

मुक्तिनाथ

*

भरदुतिया, कार्तिक शुक्ल द्वितीया
बेलटोल

निशिकांत,

तू आला नाहीस. पाहुण्यांना घेऊन त्याच संध्याकाळी परतलास आणि मला न भेटता गेलास, त्याचा राग मी आता धरत नाही. मागणी आली, थंडीभर सगळ्या बायकांना काम आहे. तुझी योजना अचूक होती. यासाठी तुला शाबासकी देतो.

आज सकाळी तुझ्या बहिणीने अंगणात पिठाच्या रांगोळीचं अरिपन काढलं, पाट मांडला, कोहळ्याची फुलं, विडा, सुपारी सगळं ठेवलं. मी म्हणालो, "निशिकांत तर येणार नाही."

ती म्हणाली, "आयुष्य पोस्टानेही पोचतं."

आणि रिकाम्या पाटापुढे बसून तिने तुझ्यासाठी आयुष्य मागितलं. मी ओसरीवरून पाहत होतो. म्हणजे तुझ्यावर तिचा जराही राग नाही. या साऱ्या प्रकरणात रागावलेला असा मी एकटाच होतो.

अमावास्येला परतलो तेव्हा प्रथम तिच्या भांगाकडे पाहिलं. सिंदूर होता. लहठी होती. माझी चौकी जागेवर आली होती, तसबीर भिंतीवर होती आणि तिला हार नव्हता. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणालो, "झालं ना सगळं नीट?"

"झालं," ती म्हणाली. "जेवून आलात की वाढू?"

मला वाटलं, संपलं. आता पुढच्या पत्रात तुला पुदिन्यावरून पुन्हा झोडावं आणि गोष्ट मिटवावी.

पण काल जुलेखा आली. कुमुद तळ्यावर गेली होती. जुलेखा दारात उभी राहिली, बसली नाही, थट्टाही केली नाही. मी म्हणालो, "काय गं, पितराला नमस्कार नाही?"

ती म्हणाली, "पंडितजी, काकी त्या दिवशी रडल्या."

"पाहुण्यांसमोर? चांगलं केलं. निशिकांतने शिकवलं असेल."

"नाही. तो गोंधळला होता. त्याचं इंग्रजी अडलं."

मग तिने सांगितलं. तुला ते माहीत आहे, तू समोर बसला होतास, पण मी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही. त्या जर्मन बाईने कुमुदला विचारलं, तुझा नवरा कसा होता? सगळ्यांना वाटलं ती मान हलवील. ती बोलू लागली. म्हणाली, लग्न झालं तेव्हा मी गवत कापायला चौरातल्या पाणथळीत जायचे, तर हे माझ्याबरोबर यायचे. गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, जळवा लागल्या की काव्य म्हणत काढायचे. मी चिरायला बसले की शेजारी बसून रोजचं शाळेतलं सांगायचे, मुलांची नक्कल करायचे. माझी पहिली पौती विकली गेली तेव्हा तिचं झाकण हातात घेऊन घरभर नाचले. मग एकदा हे सगळं करायचं थांबले. केव्हा थांबले ते मला कळलंच नाही, असं म्हणाली, आणि रडली. जुलेखा म्हणते, इतकी रडली की आम्हीही रडलो, ती जर्मन बाईही रडली, आणि कोणाला पाणी द्यावं हे सुचेना.

ती बाई विचारू लागली, त्यांचं नाव काय होतं?

निशिकांत, आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणून. लग्नापासून मी 'ऐकलंत का' आहे, लेक मंजरी झाल्यावर 'मंजरीचे बाबूजी' आहे. तुझ्या बहिणीच्या तोंडून माझं नाव मी आजवर कधीही ऐकलेलं नाही.

जुलेखा म्हणाली, "काकीने तुमचं नाव घेतलं, पंडितजी. सगळं. मुक्तिनाथ झा. स्पष्ट. आम्ही सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागलो."

हे सांगून ती गेली. मग कुमुद तळ्यावरून आली, ओला घडा खाली ठेवला, आणि विचारलं, "कोण आलं होतं?" मी म्हणालो, "कोणी नाही." त्यानंतर आम्ही जेवलो. भात, डाळ, तिलकोराच्या पानांची भजी. छान झाली होती. मी तसं म्हणालो नाही.

जळवांचं खरं आहे. झाकण घेऊन नाचलो तेही खरं आहे. ती सांगेपर्यंत मला त्यातलं काही आठवत नव्हतं.

कालपासून मी तिच्याशी बोलायचं ठरवतो आणि तोंड उघडलं की काहीतरी गमतीचं बोलतो. ती हसते. नीट, विनातक्रार हसते. पाहुण्याच्या गमतीला हसावं तसं.

तुला मी लहानपणापासून ओळखतो असं नाही, पण तिला तू ओळखतोस. तिचं खोटं रडणं तुला ठाऊक आहे. आंबे चोरल्यावर आईपुढे ती कशी रडायची ते तूच मला सांगितलं होतंस. तू समोर होतास. तू मला दगा दिलास, घराबाहेर काढलंस, ते सगळं मी सोडून देतो, भरपाई म्हणून एवढं खरं सांग. ते रडणं त्यातलं होतं का?

मला भीती वाटते की नव्हतं. मला भीती वाटते, ती त्या दिवशी खोटं काहीच बोलली नाही.

मुक्तिनाथ